राखीव दिवस कुठे आहे? नागपुरातल्या यात्रा आयोजकांना खुले पत्र

नागपूर, १८ जुलै २०२५

नागपुरातल्या सर्व यात्रा-सहल आयोजकांना,
सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एकाचं दिवाळीनंतरच्या यात्रांचं पत्रक परवा आमच्या सोसायटीच्या फाटकावर वाटलं गेलं. चकचकीत कागद, वर नेपाळातल्या मुक्तिनाथाचं देऊळ, मागे बर्फ आणि कोपऱ्यात एक छोटंसं पांढरं विमान. खाली लिहिलंय, 'पोखरा ते जोमसोम विमानाने, फक्त २० मिनिटांत! ज्येष्ठांसाठी उत्तम.' जोमसोम म्हणजे मुक्तिनाथाजवळचं विमानतळाचं गाव. मी चष्मा लावून मागची बाजू वाचली. अट क्रमांक अकरा: 'खराब हवामानामुळे विमान रद्द झाल्यास मुक्तिनाथ दर्शन रद्द समजावे. रक्कम परत मिळणार नाही.' मग दिवसवार कार्यक्रम पाहिला. पाचव्या दिवशी सकाळी जोमसोम, सहाव्या दिवशी सकाळी परत, त्याच दुपारी काठमांडूची बस. आजचं विमान उद्यावर ढकलायचं म्हटलं तर उद्याला जागाच नाही.

एकट्यावर राग काढणं बरं नव्हे म्हणून बर्डीवर, धंतोलीत आणि महालात फिरून आणखी पाच पत्रकं गोळा केली. अटींचे शब्द थोडे इकडेतिकडे, कार्यक्रम तोच. एकाही पत्रकात हवामानासाठी एक दिवस राखून ठेवलेला नाही. म्हणून कुणा एकाचं नाव न घेता सगळ्यांना मिळून लिहितो आहे, आणि तुमच्याकडे पैसे भरायला निघालेल्या काका-काकूंनीही वाचावं म्हणून उघडं लिहितो आहे.

मी हवामान खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीतली बरीच वर्षं सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर गेली. दर अर्ध्या तासाला आकाशाकडे बघायचं, आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे, त्यातले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचं, ढगाचा तळ किती उंचीवर, किती लांबचं दिसतंय, वारा कुठून, आणि हे सगळं टॉवरकडे पाठवायचं. पहाटे साडेपाचचा हवामानाचा फुगा सोडायला थंडीत गच्चीवर उभं राहायचं. या नोकरीत शिकलेली एकच गोष्ट इथे उपयोगाची आहे, ती म्हणजे 'आज नाही' असं म्हणता येणं. आणि तीच गोष्ट मी ऐन वेळी विसरलो. हे पत्र त्याबद्दलही आहे.

मागच्या वर्षी मे महिन्यात मी आणि सौ. अशाच एका यात्रेला गेलो होतो. नागपूरहून आम्ही सोळा जण आणि सोबत एक टूर मॅनेजर, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे बसने सुनौलीची सीमा, लुंबिनी, पोखरा. पोरगा गुणी होता. कुणाची गोळी विसरली, कुणाला बिनसाखरेचा चहा, कुणाची खोली वरच्या मजल्यावर आली, सगळं हसत निस्तरत होता.

पोखऱ्याला पहिल्या दिवशी पहाटे पाचला आम्हाला विमानतळावर नेलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "होल्ड छ सर, जोमसोममा मौसम खराब छ." चहा झाला, दुसरा चहा झाला, घरून आणलेला चिवडा संपला. साडेदहाला फेरी रद्द. त्या दिवशीच्या हॉटेलचे पैसे माणशी वेगळे जमा करावे लागले, आणि तिथूनच कुरबुरीला सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. साडेसातच्या सुमारास टूर मॅनेजरचा फोन वाजला. नागपूरच्या ऑफिसातून होता. तो जरा बाजूला गेला, पण त्याचं 'हो सर, करतो सर, नाही सर, बोलतो मी त्यांच्याशी' एवढं सगळ्यांना ऐकू आलं. काठमांडूची हॉटेलं वाया चालली होती, परतीची तिकिटं ठरलेली होती. फोन ठेवल्यावर त्याचा चेहराच बदलला. तो काउंटरवर जाऊन उभा राहिला आणि त्याच्या मागे आमच्यातले सहा-सात जण. "काहून थांबवून ठेवलं भाऊ आम्हाले? इथं तर ऊन पडून राहिलं." "हम सब सीनियर सिटिझन हैं." एका निवृत्त साहेबांनी तर वरपर्यंत ओळख असल्याचं सांगून टाकलं. कुठल्या वरपर्यंत, ते त्यांनाच ठाऊक.

आणि मग सगळे माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही वेधशाळेतले. तुम्हीच सांगा." मी बाहेर जाऊन वर पाहिलं. तलावाच्या बाजूला निळं फुटलं होतं. आठापैकी चार, फार तर साडेचार. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "साडेआठपर्यंत उघडेल." माझं हे वाक्य पुढच्याच मिनिटाला काउंटरवर पोचलं. "आमच्यासोबत मौसम विभागाचे अधिकारी आहेत, तेसुद्धा म्हणतात की उघडेल!"

पोखऱ्याच्या आकाशावरून जोमसोमच्या वाटेवरच्या काली गंडकी नदीच्या घळीचं हवामान सांगणं म्हणजे रामटेकच्या गडावर ऊन आहे म्हणून चिखलदऱ्याला कपडे वाळत घालण्यासारखं आहे. खात्यात एखाद्या नवशिक्यानं असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर ऐकवलं असतं. पण सोळा जण तोंडाकडे बघत होते आणि निवृत्तीनंतर कुणी पहिल्यांदाच माझं मत विचारत होतं.

नऊच्या सुमारास आम्ही उडालो. ट्विन ऑटर हे विमान ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या मिनी बसएवढं, १९ सीटचं. हवाईसुंदरी ताटलीत दोन गोष्टी घेऊन येते, गोळ्या आणि कापूस. गोळी चघळायला, कापूस कानात घालायला. पायलटच्या खोलीला दार नाही, त्यामुळे पुढे बसलेल्याला त्याचे हात दिसतात. इंजिनाचे दांडे या विमानात छताला असतात. पायलट हात वर करून ते धरतो, बसमधला उभा प्रवासी कडी धरतो तसे.

घोरेपाणीची धार ओलांडेपर्यंत झकास होतं. सौ.नं माझा हात दाबून धौलागिरी दाखवला. पुढे दरीत वळलो आणि समोर पांढरं दिसलं. मला आधी वाटलं बर्फ. मग लक्षात आलं की बर्फाला कडा असतात, याला नाहीत. दोघा पायलटांचं काहीतरी बोलणं झालं. मोठ्यानं छताचे दांडे पुढे सारले आणि विमान डावीकडे कलंडलं. माझ्या खिडकीत पंखाचं टोक आणि त्याच्या पलीकडे झाडं होती. ओली, काळपट, एकेक फांदी मोजता येईल अशी. आणि मग काहीच नाही, नुसता राखाडी रंग. सवयीनं मी मोजायला लागलो. नऊ सेकंद. दहाव्याला पुन्हा उजेड आला, तेव्हा नदी उलट्या दिशेनं वाहताना दिसली. आम्ही परत वळलो होतो.

पोखऱ्याला उतरेपर्यंत कुणी बोललं नाही. उतरल्यावर मात्र सगळ्यांना एकदम कंठ फुटला. "एवढ्या जवळ जाऊन परत आणलं." "पैसे परत द्या." एक जण म्हणाला, "दुसरा पायलट असता तर नेलं असतं." तो पायलट आमच्या शेजारून चालत गेला. चाळिशीचा माणूस, हातात कागदी कपात चहा. त्यानं ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. मी एकटा होतो ज्याला त्यानं काय केलं ते नेमकं कळलं होतं. मी तोंडातून शब्द काढला नाही. साधं 'थँक यू'ही नाही.

त्या संध्याकाळी हॉटेलात सौ. म्हणाली, "बोलावणं नव्हतं देवाचं, दुसरं काय." आपल्याकडे यात्रा हुकली की हेच म्हणतात, आणि किती शहाणपणाचं आहे ते! पण काउंटरसमोर उभं राहिलं की हे वाक्य कुणालाच आठवत नाही.

आता जरा त्या दरीबद्दल, कारण तुमच्या पत्रकात तिच्याबद्दल एक ओळ नाही. पोखरा समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर, जोमसोम २,७०० मीटरच्या आसपास. मधली काली गंडकीची घळ ८,१६७ मीटरचा धौलागिरी आणि ८,०९१ मीटरची अन्नपूर्णा यांच्यामधून जाते. छोटं विमान या डोंगरांवरून जात नाही, त्यांच्या मधून जातं. पायलट डोळ्यांनी बघून उडवतो. दिसलं तर रस्ता, नाही दिसलं तर रस्ता नाही. सूर्य वर आला की उतार तापतात, दरीतली दमट हवा उतारावरून वर चढते, थंड होते आणि तिचा ढग होतो, नेमका विमानाच्या उंचीवर. दहा-अकरानंतर जोमसोमला दक्षिणेकडून असा वारा सुटतो की विमानं उतरवणं अवघड होतं. म्हणून सगळ्या फेऱ्या सकाळच्या. म्हणजे एकीकडून ढग आणि दुसरीकडून वारा, मध्ये दोन-चार तासांची फट. ती फट मिटत चालली की काउंटरवरचा आवाज वाढतो. सगळ्यात जास्त घाई नेमकी सगळ्यात वाईट वेळी होते.

आणि परत वळायचं म्हटलं तरी ते रिंग रोडवर यू-टर्न घेण्यासारखं नाही. उंचावर हवा विरळ, त्यामुळे काट्यावर तोच वेग दिसत असला तरी विमान खरं म्हणजे जास्त वेगानं जात असतं, आणि वळणाचा घेर मोठा होतो. दरीच्या मधोमध उडलात तर दोन्हीकडे अर्धीअर्धीच जागा उरते. म्हणून जाणता पायलट एका बाजूला चिकटून जातो, की गरज पडली तर वळायला अख्खी दरी मिळावी. आमच्या पायलटनं तसंच केलं असणार. ढगात शिरल्यावर माणसाचा कान, म्हणजे तोल सांभाळणारा कानाचा आतला भाग, खोटं बोलतो. क्षितिज दिसलं नाही की शरीराला कलंडलेलं विमान सरळ वाटतं आणि सरळ असलेलं कलंडलेलं. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, नुसत्या यंत्रांकडे बघून उडवण्याचं शिक्षण न घेतलेल्या २० जणांना मुद्दाम तशा परिस्थितीत घातलं. सगळ्यांच्याच हातून विमानाचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. हिमालयातल्या पायलटना यंत्रं वाचता येतात, मान्य. पण तिथे दोन्ही बाजूंना डोंगराचे कडे असतात, तीन मिनिटं देतं कोण?

२९ मे २०२२ ला याच मार्गावर, याच जातीचं विमान सकाळी ९ वाजून ५५ मिनिटांनी पोखऱ्याहून उडालं. त्यात २२ जण होते, पैकी चार आपल्या ठाण्याचे. अवशेष दुसऱ्या दिवशी सापडले, मुस्तांगमध्ये, सुमारे १४,५०० फुटांवर डोंगराला धडकलेले. चौकशीत निघालं की विमान ढगात सापडलं होतं आणि जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा दाबून ठेवलेली होती. अरुंद दरीत ती सारखी वाजते म्हणून ती गप्प करून ठेवायची सवय लागते. त्याआधी २४ फेब्रुवारी २०१६ ला, तोच मार्ग, तेच ढग, २३ माणसं. युरोपीय संघानं नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना २०१३ पासून आपल्या आकाशात बंदी घातलेली आहे. यातलं काहीही तुम्ही प्रवाशाला सांगत नाही. 'ज्येष्ठांसाठी उत्तम' एवढंच सांगता.

हे फक्त नेपाळचं दुखणं आहे असंही नाही. २ सप्टेंबर २००९ ला आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर खराब हवेत नल्लमलाच्या डोंगरात पडलं. ३० एप्रिल २०११ ला अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू तवांगहून निघाले, त्यांचं हेलिकॉप्टर पाचव्या दिवशी सापडलं. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं. त्या चौकशीचा निष्कर्ष सरळ होता: दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, पायलटला दिशेचं भान राहिलं नाही. एकाहून एक सरस पायलट, मोठमोठ्या हुद्द्याचे प्रवासी. त्यांच्यासाठी ढग बाजूला झाला नाही, तर तुमच्या बुकिंगसाठी का होईल?

आणि मागच्या महिन्यातलं तर आपल्या अंगणातलं. १५ जूनला पहाटे केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळच्या जंगलात पडलं. सात जण गेले, त्यात आपल्या वणीचे तिघं, एक तर जेमतेम दोन वर्षांचं लेकरू. चौकशी व्हायची आहे, म्हणून कारणाबद्दल मी काही बोलणार नाही. दोन दिवस सेवा बंद ठेवली गेली, मग चालू झाली. तुमच्या पत्रकांच्या छपाईत मात्र दोन दिवसांचाही खंड पडलेला दिसत नाही.

तर माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी आधी सांगितलीच, कार्यक्रमात राखीव दिवस नाही. तुम्ही म्हणाल, स्पर्धा आहे, एक दिवस वाढवला की दर वाढतो, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. मला एक सांगा, डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडे धुकं असतं तेव्हा तुम्ही काय करता? उत्तरेकडची गाडी सहा तास लेट होणार हे धरूनच पुढचं आरक्षण करता. सकाळची जोडगाडी घेत नाही. प्रवाशाला आधी सांगता, आणि तो मुकाट ऐकतो. रेल्वेला धुक्याची मुभा देता, तीच हिमालयातल्या विमानाला द्यायला काय हरकत आहे? गाडी लेट झाली तर जेवण हुकतं. विमानानं घाई केली तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

दुसरी तक्रार त्या अट क्रमांक अकराबद्दल. तिच्यामुळे विमान उडालं नाही तर नुकसान पूर्ण प्रवाशाचं होतं. म्हणजे प्रवाशानं विमान उडावं म्हणून भांडावं, याची सोय तुम्ही कागदावरच करून ठेवली आहे. आमच्यातले ते सहा-सात जण काही वेडे नव्हते. प्रत्येकाचे काही हजार त्या काउंटरवर अडकले होते आणि तुमच्या अटीनं त्यांना सांगितलं होतं की भांडाल तरच वाचतील.

तिसरी, टूर मॅनेजरला येणारा तो फोन. त्या पोराला दरमहा काय मिळतं मला माहीत नाही, पण त्याची नोकरी सहल 'पूर्ण' करण्यावर अवलंबून आहे हे त्याच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म आला. त्यात 'सर्व ठिकाणे दाखवली का?' असा एक रकाना होता. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी 'नाही'वर खूण केली. त्याचा दोष काय होता?

वजनाचं एक राहिलंच, ते मात्र आम्हा प्रवाशांच्या पदरात टाकतो. जोमसोमची धावपट्टी आखूड, हवा विरळ, तिथे किलोकिलोला किंमत असते. आणि आमची मंडळी पोखऱ्याच्या हॉटेलात ठरवत होती की येताना शाळिग्राम स्वेटरच्या खिशात घालायचे, म्हणजे काट्यावर येणार नाहीत! नदीतले दगड हो, हलके थोडेच असतात. सगळ्यांनाच गंमत वाटत होती. हे कुणीतरी सहलीआधीच्या मेळाव्यात नीट समजावून सांगायला हवं, आणि मेळावा तुम्ही घेता. तिथे फेटे, गुलाबपाणी, लकी ड्रॉ सगळं असतं. विमानाबद्दल दोन मिनिटंही नसतात.

अशाच एका मेळाव्यात मी यंदा जाऊन हळूच विचारलं. उत्तर मिळालं, "काका, वीस वर्षांत आमच्या एकाही यात्रेकरूला ओरखडा आलेला नाही." टाळ्या पडल्या. मला तिथे बोलता आलं नाही, म्हणून इथे सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अब्राहम वाल्ड नावाचे एक संख्याशास्त्रज्ञ होते. बॉम्बफेकी विमानं गोळ्या खाऊन परत यायची, त्यांच्या अंगावरची भोकं मोजून सैन्याला ठरवायचं होतं की जादा पत्रा कुठे लावावा. साध्या अकलेनं वाटतं, जिथे भोकं जास्त तिथे. वाल्ड यांचं म्हणणं उलट होतं. तुम्ही मोजताय ती परत आलेली विमानं. या जागी भोकं पडूनही ती परत आली. ज्यांना बाकीच्या जागी लागलं ती मोजायला आलीच नाहीत, पत्रा तिथे लावा. तुमची वीस वर्षं ही परत आलेल्या विमानांची मोजणी आहे. आमची नऊ सेकंदांची फेरीसुद्धा तुमच्या वहीत 'ओरखडा नाही' अशीच लिहिली गेली असणार. आणि नशिबाचा खेळ बघा, हेच वाल्ड भारतात व्याख्यानांसाठी आले असताना १३ डिसेंबर १९५० ला पत्नीसह ज्या विमानात होते, ते निलगिरीच्या डोंगरावर आदळलं.

मागण्या फार नाहीत, आणि अशक्यही नाहीत.

डोंगरातल्या छोट्या विमानाचा किंवा हेलिकॉप्टरचा टप्पा असलेल्या प्रत्येक यात्रेत किमान एक, आणि जमल्यास दोन राखीव दिवस धरा. ते पत्रकात 'हवामानासाठी राखीव' अशा शब्दांत छापा आणि त्याचे पैसे दरातच घ्या. माणूस पैसे द्यायला तयार असतो, ऐनवेळी हॉटेलच्या लॉबीत मागितलेले त्याला खटकतात. राखीव दिवस लागला नाही तर पोखऱ्याला तलावाकाठी बसू द्या, कुणाचं काही बिघडत नाही.

अट क्रमांक अकरा काढून टाका. हवामानामुळे विमान उडालं नाही किंवा अर्ध्यातून परतलं, तर त्या टप्प्याचे पूर्ण पैसे परत करा. ज्याला झेपेल त्याला जीपचा पर्याय द्या. त्या रस्त्यानं दिवस मोडतो, पावसाळ्यात दरडीही पडतात, तेव्हा तोही सक्तीचा नको. विमान कंपनीशी व्यवहार करताना हे आधीच ठरवून घ्या, एकेकट्या यात्रेकरूला ते जमणार नाही, तुम्हाला घाऊक तिकिटं घेताना जमेल. जागाही पहाटेच्या पहिल्या फेऱ्यांतल्याच घ्या. नऊ-साडेनऊची फेरी स्वस्त मिळत असेल तर ती का स्वस्त आहे याचा विचार करा.

टूर मॅनेजरला लेखी द्या की विमान उडावं म्हणून काउंटरवर वाद घालायचा नाही आणि प्रवाशांनाही घालू द्यायचा नाही. ऑफिसातूनही त्याला तसा फोन जाणार नाही. उलट त्याला एक अधिकार द्या. विमान कंपनी 'चला' म्हणाली तरी त्याला योग्य वाटलं नाही तर 'आज नाही' म्हणण्याचा. त्याबद्दल त्याचा पगार कापला जाणार नाही याची हमी द्या.

आणि बुकिंगच्या वेळी मराठीत एक पान द्या. विमान कोणत्या जातीचं, किती सीटचं, या मार्गावर आधी काय काय झालंय, वजनाची मर्यादा काय आणि ती का. 'विमा समाविष्ट' एवढ्या दोन शब्दांवर भागवू नका. देशाबाहेरच्या छोट्या विमानाचा अपघात त्यात बसतो की नाही ते दाखवणारा विम्याचा कागद हातात द्या. हे वाचून चार जण मागे फिरतील. फिरू द्या.

दिवाळीनंतरच्या यात्रांची पत्रकं अजून सगळ्यांची छापून झालेली नाहीत, हे मी प्रेसवाल्यांकडे चौकशी करून आलो आहे. म्हणून आजच लिहिलं. १५ ऑगस्टपर्यंत तुमच्यापैकी जे कुणी पत्रक बदलतील त्यांची यादी करून ती आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या फळ्यावर मी स्वतःच्या अक्षरात लावीन. ज्यांनी बदललं नाही त्यांची नावं लावणार नाही. वाचणाऱ्याला जागा रिकामी दिसेलच.

माझ्याकडूनही एक देणं आहे. तुमच्या टूर मॅनेजरांना डोंगरातलं हवामान कसं वाचायचं, आणि त्याहून महत्त्वाचं, आपल्याला ते वाचता येत नाही हे कसं ओळखायचं, यावर दोन तास बोलायला मी फुकट येईन. सुरुवात पोखऱ्याच्या त्या सकाळपासून करीन. सव्वीस वर्षांच्या पोरांना जाणत्या माणसाची चूक ऐकायला बरं वाटतं.

आपला,
सोनेगावचा एक निवृत्त हवामान निरीक्षक

ता. क. सौ.ला मुक्तिनाथाला पुन्हा जायचंच आहे. त्या दिवशीचा कापूस तिनं अजून पर्समध्ये ठेवलाय, म्हणते आता तो जोमसोमला उतरल्यावरच टाकीन. ज्याच्या पत्रकात राखीव दिवस पहिल्यांदा छापलेला दिसेल, त्यानं आमच्या दोन जागा लिहून ठेवाव्यात. खिडकी तिला द्या.